पेट्या सोमवारी येणार होत्या

"सूनबाई, टुंग वाजलं बघ आत्ता. काय लिव्हलंय?"

सकाळपासूनचा हा तिसरा फोन. तव्यावर भाकरी, खांद्यावर कानाशी दाबून धरलेला मोबाइल, आणि पलीकडून लिंबाजी मामा.

"मामा, उद्या संध्याकाळी वरच्या मळ्यात फवारणी आहे. तुमच्यापासून लांब आहे. तुम्हाला काही करायचं नाही."

"बरं बरं. आन् त्याच्या आदी वाजलं होतं ते?"

"ते माझं नव्हतं. कंपनीचं असेल, रिचार्जचं."

"हां. मंग ठिवू?"

"ठेवा."

मागून माझा नवरा देवानंद म्हणाला, "झालं का आकाशवाणीचं प्रसारण?" त्याला चिडवायला फार अक्कल लागत नाही. मी भाकरी उलटली तेव्हा ती करपलेली होती, आणि ती करपलेली भाकरी मी त्यालाच वाढली.

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. आमच्या गावात कांदा खायला नाही, बियाण्यासाठी लावतात. माघात रान पांढऱ्या गोंड्यांनी भरून जातं, आणि त्या गोंड्यात दाणा भरायचा तर मधमाशी बसावी लागते. माशी नाही तर गोंडा नुसता दिसायला छान, आत फोलपट. आणि माश्या तर आम्हीच फवारून फवारून संपवल्या होत्या. शेवटी यावलचा भिकन तडवी आपल्या मधमाश्यांच्या चाळीस पेट्या टेम्पोत घालून दर हंगामात यायला लागला. त्याची अट एकच होती. पेट्या उघड्या असताना सकाळच्या वेळी कुणी पंप पाठीला लावायचा नाही. ज्याला फवारायचं असेल त्यानं पेट्या यायच्या आधी उरकून घ्यायचं, नाहीतर आदल्या दिवशी कळवायचं, म्हणजे तो पेट्यांची दारं बंद ठेवेल.

आता दीडशे उंबऱ्यांच्या गावात कोण कधी फवारतंय हे कोण कोणाला कळवणार? हे काम मी अंगावर घेतलं. तालुक्याला एका संस्थेचं दोन दिवसांचं शिबिर झालं होतं, तिथून मी ही युक्ती शिकून आले. माझ्या फोनमध्ये एकशे तेरा जणांची यादी केली. मी एकदा लिहायचं, एकदा बोट दाबायचं, की तो मेसेज एकशे तेरा फोनांत वेगवेगळा जाऊन पडायचा. ग्रुप मुद्दाम केला नाही. ग्रुप केला की सकाळी देवाचे फोटो, दुपारी राजकारण आणि संध्याकाळी भांडणं. यादीत ती कटकट नसते. यादीत कोण आहे आणि कोण नाही, हे फक्त पाठवणाऱ्यालाच ठाऊक असतं.

त्या यादीची मला फार मिजास होती, हे कबूल करते. गावची सून मी, एरवी मोठ्या माणसांसमोर डोक्यावरचा पदर सावरत उभी राहणारी. पण माझा मेसेज गेला की पाटलांच्या पोरापासून सरपंचापर्यंत सगळे पंप खाली ठेवायचे. पहिल्याच वर्षी बियाणं सव्वापट निघालं. लोक ओसरीवर येऊन म्हणायचे, "उज्ज्वलाताई, तुमच्यामुळं." ऐकायला गोड लागायचं.

फक्त लिंबाजी मामांना वाचता येत नव्हतं. पुण्याच्या मुलानं त्यांना आपला जुना, काच तडकलेला फोन दिला होता. तो वाजला की ते मला फोन करायचे. मेसेज माझा असो, रिचार्जचा असो, की कुणी चुकून धाडलेलं लग्नाचं आमंत्रण असो, वाचायचं मीच. म्हातारा माणूस म्हणून पहिलं वर्ष मी हसून वाचलं. दुसऱ्या वर्षी हसणं सुटलं.

त्या मंगळवारी संस्थेचे साहेब यादी बघायला आले. मी चहा केला, पोहे केले, फोन टेबलावर ठेवून त्यांना सगळं दाखवायला लागले. एवढ्यात तो वाजला. 'ओढ्यापलीकडचे मामा.' मी कापला. पुन्हा वाजला. पुन्हा कापला. चौथ्यांदा वाजला तेव्हा साहेब म्हणाले, "घ्या ना, महत्त्वाचं असेल."

घेतला.

"सूनबाई, टुंग वाजलं..."

"मामा, नंतर करते."

साहेब हसले. "यादीतलेच का?" मी हो म्हटलं. "मग वाचणारे नक्की किती आहेत यात? आम्हाला अहवालात लिहावं लागतं."

"सगळेच वाचतात," मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

साहेबांनी वहीत लिहिलं, शंभर टक्के. त्यांची गाडी वेशीबाहेर गेली आणि मी ओसरीवर बसून यादी उघडली. मामांच्या नावापुढची खूण काढली. एकशे तेराचे एकशे बारा झाले. दोन सेकंदांचं काम. मनाशी म्हटलं, नाहीतरी त्यांना वाचता येत नाही, शेजारपाजारचे सांगतीलच की. आणि खरं तर एक सुस्काराही सोडला, की आता भाकऱ्या करपणार नाहीत.

बुधवारी फोन आला नाही. गुरुवारीही आला नाही. मला इतकं बरं वाटलं की मी देवानंदला आपणहून शिरा करून घातला.

शुक्रवारी दुपारी भिकनचा फोन आला. "ताई, मी सोमवारी येनार होतो ना, तर आजच येतो. इकडला फुलोरा आटपला, माश्या उपाशी बसल्या. टेम्पो पन आजच भेटून राह्यला."

"ये की. आमचे गोंडे उमलायला लागलेत."

"मेसेज टाका मातर आठवनीनं. सकाळी कोनी फवारलं तर मी संपलो."

मी लिहिलं: 'पेट्या सोमवारऐवजी आज शुक्रवारी येत आहेत. उद्या शनिवारपासून कोणीही फवारणी करू नये.' बोट दाबलं. यादीच्या वर आकडा दिसतो. एकशे बारा. माझी नजर त्या आकड्यावर गेली होती, हे मी आज लपवत नाही. मामांना एक फोन करावा, असं मनात येऊनही गेलं. पण मामांना फोन म्हणजे पाच मिनिटं. आधी माझ्या माहेरची ख्यालीखुशाली, मग त्यांच्या गुडघ्याचं, मग म्हशीचं. चुलीवर दूध होतं. म्हटलं, ओढ्यावरून कुणीतरी हाक मारेलच.

पूर्वी मारायचे. आमच्याकडे बांधावर उभं राहून दोन्ही हात तोंडाशी धरून हाक घालायची पद्धत होती. या बांधाची हाक त्या बांधाला, अशी बातमी शिवारभर फिरायची. पण यादी झाल्यापासून ती हाक बंद पडली होती. ज्याला त्याला वाटायचं, ताईंनी सांगितलं असेल. कुणी मुद्दाम गप्प बसलं नाही. गरजच उरली नाही, एवढंच.

शनिवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला देवानंद धापा टाकत आला. एरवी हा माणूस बस सुटली तरी पळत नाही.

"ओढ्यावर चल. माश्या मरून राह्यल्या."

मी तशीच निघाले, पिठाच्या हातानं.

भिकननं पेट्या ओढ्याकाठच्या बाभळींच्या आडोशाला मांडल्या होत्या, काल दिवस मावळताना. ओढ्याच्या पलीकडे लागूनच मामांचं अर्ध्या एकराचं रान. पेट्यांपुढची जमीन काळी झाली होती आणि ती हलत होती. माश्या जागच्या जागी गरगरत होत्या, उलट्या पडून पाय झाडत होत्या. काही उडून पेटीपर्यंत यायच्या आणि दाराशीच गळून पडायच्या. भिकन उकिडवा बसून एका पळसाच्या पानावर त्या एकेक उचलून ठेवत होता. त्यानं काय होणार होतं, देव जाणे. पण त्याचा हात थांबत नव्हता.

दहा-पंधरा माणसं जमली होती. सगळ्यांत पुढे श्रीरंग खरात. बियाणे कंपनीचं काम आमच्या गावात तो बघायचा. कुणाला लागवड द्यायची आणि कुणाला नाही, हे त्याच्या हातात.

भिकननं वर बघितलं. "ताई, मेसेज टाकला होता ना?"

"टाकला होता."

"सगळ्याइला?"

"सगळ्यांना," मी म्हणाले.

तेवढ्यात ओढ्यातून मामा चढून आले. पाठीला पंप, तोंडाला उपरणं गुंडाळलेलं, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. त्यांनी उपरणं खाली ओढलं, पेट्यांकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "अरे, आल्या बी का पेट्या? सोमवारी येनार होत्या ना?"

मग सगळे एकदम बोलायला लागले.

"म्हाताऱ्या, पंप पाठीवर घेऊन इचारतो व्हय?"

"अरे काल मेसेज आला ना!"

"अख्ख्या गावाला आला, तुलाच कामून नाई?"

मामांना काय झालंय ते हळूहळू कळत गेलं. त्यांनी पंप उतरवला. खाली बघितलं, पायाखाली माश्या होत्या, तसे दोन पावलं मागे सरकले. "मी तं सोमवार धरून बसलो होतो," ते म्हणाले. "म्हनून आज उरकलं. शनवारपोतर उरका म्हनलं होतं ना?"

"ते आधीचं," श्रीरंग म्हणाला. "काल बदललं. मेसेज पाह्यला नाई तू?"

"मला कुठं वाचता येतं, श्रीरंगा."

"मंग फोन कशाला मिरवतो? काढ तो. ताई, तुम्हीच बघा. आला का नाई त्याला?"

मामांनी बंडीच्या खिशातून फोन काढला, धोतराला पुसला आणि माझ्या हातात दिला. "बघ बरं सूनबाई. मला कायी वाजल्याचं आठवत नाई. पन मी भारा आनाया गेलो होतो, तव्हा वाजलं आसंल."

मी फोन उघडला. तडकलेल्या काचेखाली माझं नाव होतं आणि माझा शेवटचा मेसेज. आदल्या रविवारचा. 'पेट्या पुढच्या सोमवारी येतील. ज्यांना फवारायचं आहे त्यांनी शनिवारपर्यंत उरकून घ्यावं.' हाच मी त्यांना फोनवर वाचून दाखवला होता. माणसानं शब्द न शब्द पाळला होता. त्याच्याखाली काही नव्हतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. भिकनही बघत होता, पान हातात धरून. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यापाठोपाठ साहेबांची वही होती, ओसरीवर येणारी माणसं होती, सून असून ताई झालेली मी होते. आणि समोर भिकनच्या मेलेल्या माश्या होत्या. त्या कुणाच्या तरी माथी जाणार होत्याच.

"आलाय," मी म्हणाले, आणि फोन बंद केला.

"बघा!" श्रीरंग म्हणाला.

मामांनी मान हलवली. त्यांना शंकासुद्धा आली नाही. सूनबाईनं वाचलं म्हणजे असणारच. "मंग माझंच चुकलं," ते म्हणाले, आणि भिकनपुढे जाऊन त्यांनी हात जोडले. सत्तरीचा माणूस, चाळिशीच्या माणसापुढे. भिकननं हात धरले नाहीत की शिवी दिली नाही. तो नुसता तोंड फिरवून बसला.

चाळीसपैकी सव्वीस पेट्या गेल्या. उरलेल्या चौदा भिकननं दुपारीच गावाच्या वरच्या अंगाला हलवल्या. मामांच्या रानापासून जितक्या लांब नेता येतील तितक्या लांब. श्रीरंगनं तिथंच सगळ्यांसमोर जाहीर केलं, पुढच्या वर्षीपासून लिंबाजी कायंदेला लागवड नाही. म्हणजे यंदा माशी नाही म्हणून दाणा नाही, आणि पुढं पीकच नाही. पन्नास वर्षं ज्या रानात माणूस राबला, त्या रानासकट त्याला गावानं एका सकाळीत बाजूला काढलं. आणि ते सगळं माझ्या एका शब्दावर झालं होतं.

घरी येऊन मी पहिलं काय केलं? मामांचं नाव पुन्हा यादीत घातलं. एकशे तेरा. बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ना, ते असं.

त्या दिवसापासून माझं बूड एका जागी टेकेना. चोराच्या मनात चांदणं. फोन वाजला की आधी नाव बघायची. वाटायचं, मामांच्या पोराला पुण्याला कुणी कळवलं असेल, तो विचारेल, फोन बघेल. भांडी घासायला बसले की उठून ओसरीवर जायची, ओसरीवरून पुन्हा आत. देवानंद म्हणाला, "तुला काय मुंग्या लागल्या काय?" मी त्याच्यावर खेकसले. त्याला मी काही सांगितलं नव्हतं. त्यानंही विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यानं आकाशवाणीचा विनोद केला नाही, तेव्हा वाटलं, याला अंदाज आलाय.

आणि आमच्या रानातून मामांचं रान दिसायचं, ही तर शिक्षाच होती. रविवारी सकाळी बघते तर मामा आणि त्यांची बायको गयाबाई, दोघं सऱ्यांमधून चालत होते. हाताला मलमलचं फडकं गुंडाळलेलं. या गोंड्यावरून तळवा फिरवायचा, मग त्या गोंड्यावरून. माशीचं काम हातानं करत होते. असं करता येतं, पण कुंडीतल्या चार झाडांना. अर्ध्या एकरात गोंडे किती असतात याचा हिशेब कुणी करत नाही. सकाळी आठ ते अकरा फूल उमललेलं असतं तेवढाच वेळ. दोघं वाकून वाकून पुढे सरकत होते आणि एक सरी संपली की मामा गुडघा धरून उभे राहायचे.

सोमवारी तेच. मंगळवारीही तेच.

मंगळवारी मी ओढा ओलांडला. काय बोलणार ते ठरवलं नव्हतं. म्हणजे असं मी स्वतःला सांगत होते.

मला बघून गयाबाई थांबल्या. मामा म्हणाले, "ये सूनबाई. पानी घे." बांधावर तांब्या होता. मी पाणी प्याले नाही.

"बरं झालं आलीस," मामांनी फडकं सोडलं आणि खिशातून फोन काढला. "एक काम होतं. तो मेसेज वाचून दाखव मला. शुक्करवारचा. काय लिव्हलं होतं ते तरी समजू दे. तीन दिस झाले, डोक्यातून जाईना. माझ्या हातून एवढं पाप झालं, आन् त्यात काय लिव्हलं होतं ते बी मला ठावं नाई."

त्यांनी फोन पुढे केला. मी घेतला. मला तो मेसेज तोंडपाठ होता. कोऱ्या काचेकडे बघून सहज म्हणून दाखवता आला असता, आणि त्यांनी तो मान हलवत ऐकला असता. तोंड उघडलंही मी. पेट्या सोमवारऐवजी, एवढं म्हटलं, आणि पुढं जमलं नाही. रडू फुटलं.

"मामा, मेसेज आलाच नव्हता. मी तुम्हाला पाठवलाच नव्हता. यादीतून तुमचं नाव मी काढलं होतं. गेल्या मंगळवारीच."

"कामून?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. खरोखर समजून घ्यायचं होतं त्यांना.

"तुम्ही सारखा फोन करायचा म्हणून."

मामा हातातल्या फडक्याची घडी घालत राहिले. एक घडी, दुसरी घडी, मग सगळी उलगडली आणि पुन्हा पहिली.

गयाबाईंनी मात्र डोक्यावरचा पदर खोचला. "चाल," त्या मला म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता चाल गावात. श्रीरंगापुढं सांग. त्या पेटीवाल्यापुढं सांग. माझ्या माणसाला हात जोडाया लावले तू."

मी हलले नाही. मी मामांकडे बघत होते.

"थांब ना जरा," मामा बायकोला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सांगून काय व्हनार हाये? मेल्या त्या काय उडनार हायेत? उलटं, लोक म्हनतील, यादीतच खोट हाये. उद्या कोनी बी फवारीन आन् म्हनीन, मला मेसेज नाई आला. मंग तो भिकन कशाला येतो पुन्हा? समद्या गावाचं बी बुडंल. माझं एकट्याचं गेलंय ते जाऊ दे."

"तुमाला जाऊ दे म्हनायला काय जातं?" गयाबाई कडाडल्या. "मला त्या बायांइत पान्याला जा लागते. काल शेवंतीनं माझ्या घागरीपासून आपली घागर दूर सरकवली. म्हने, इखारी हात."

"गया."

"काय गया? गया गया करू नका."

"सूनबाई," मामा म्हणाले, "नको सांगू. म्या म्हनतो म्हनून नको सांगू."

गयाबाई माझ्याकडे बघत होत्या. नवऱ्याचं म्हणणं त्यांनी कानाआड केलं होतं. मी काय करते, एवढंच त्यांना बघायचं होतं. मी खाली वाकून मामांच्या पायाला हात लावला आणि ओढ्याकडे चालायला लागले. पाठीवर त्यांची नजर मला घरापर्यंत जाणवत होती.

मी कुणाला सांगितलं नाही. मामांनी शपथ घातल्यासारखं सांगितलं होतं, मोठ्या माणसाचा शब्द कसा मोडायचा? नऊ वर्षं मी हे कारण जपून ठेवलं, सणाच्या पातळासारखं. पण त्या दिवशी ओढा ओलांडताना मी काय ठरवून निघाले होते, ते मला माहीत आहे. मी खरं सांगायला गेलेच नव्हते. खरं सांगायचं असतं तर मी श्रीरंगकडे गेले असते, भिकनकडे गेले असते. मी मामांकडे गेले, कारण अख्ख्या गावात 'नको सांगू' म्हणेल असा तोच एक माणूस होता. मी तेवढं ऐकायला गेले होते. ते ऐकलं आणि त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले.

पुढचं थोडक्यात सांगते. त्या दिवसापासून मी लिहायचं सोडलं आणि मेसेज बोलून पाठवायला लागले, म्हणजे न वाचणाऱ्यालाही कळावं. लोकांना ते फार आवडलं. यादी वाढत वाढत तीन तालुक्यांत गेली. संस्थेनं माझा सत्कार केला, शाल-नारळ दिला, आणि शिबिरात मला व्याख्यानाला बोलवायला लागले. तिथं साहेब दरवेळी एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगायचे, ज्यानं मेसेजकडे दुर्लक्ष केलं आणि सव्वीस पेट्या मारल्या. नाव घेत नसत. मी शेजारच्या खुर्चीवर बसलेली असे.

मामांच्या रानात त्या वर्षी पायलीभर बी निघालं. नंतर ते सोयाबीन करत राहिले. गावात त्यांना पोरंसोरं माशीमाऱ्या म्हणायला लागली, मग मोठेही म्हणायला लागले. माझा मेसेज गेला की ते फोन कानाला लावून पुरता ऐकायचे, असं पुण्याहून सुट्टीला आलेल्या गयाबाईंच्या सुनेनं सांगितलं. मला फोन मात्र त्यांनी परत कधी केला नाही.

गेल्या महिन्यात मामा गेले. तेराव्याला सगळं गाव होतं. मांडवात पंगत बसायच्या आधी चार माणसं चार शब्द बोलली, आमच्याकडे तशी रीत आहे. श्रीरंग उठला. आता त्याचेही केस पिकलेत. म्हणाला, "लिंबाजी आबा देवमानूस. कोनाच्या बांधाला कधी हात लावला नाई. येक त्या माश्यांचं झालं ते सोडलं, तं गावाला त्यांचा कधी तरास नाई."

लोकांनी माना हलवल्या. मामांचा मुलगा पुण्याहून आलेला, तो खाली मान घालून बसला होता. बायकांच्या बाजूला, भिंतीला टेकून गयाबाई बसल्या होत्या. त्यांनी श्रीरंगकडे बघितलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. डोळ्यांत राग नव्हता, आर्जव नव्हतं, काही नव्हतं.

यावेळी नको म्हणायला मामा नव्हते.

श्रीरंग खाली बसत होता. मी उभी राहिले. मग म्हणाले, "श्रीरंगभाऊ, बसू नका. मला काही सांगायचंय. मामांना तो मेसेज गेलाच नव्हता."